अर्धा अॅम्प्लिफायर

६ जानेवारी

वन्सं,

अक्षर ओळखलंत ना? पाकीट फाडून झालंच आहे, तर आता वाचूनही टाका. फोन केला असता तर माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला असता. पत्राचं बरं असतं, आत काय आहे ते कळायला आधी उघडावं लागतं. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, चुका काढत बसू नका. तुम्ही तरी कुठे पाचवीच्या पुढे गेलात.

काम आहे म्हणून लिहितेय. काम नसतं तर आणखी सेहेचाळीस वर्षं लिहिलं नसतं.

माझी सून गिटार वाजवते. हो, सून. नात नव्हे. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर दवाखान्यात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते, घरी येते, चहा घेते आणि गिटार घेऊन बसते. नोकरी लागल्यावर लोकांच्या मुली आईला घड्याळ आणून देतात, आमच्या नातीने गिटार दिली आणि स्वतः निघून गेली दुसऱ्या गावाला. ऐकायला आम्ही. त्यात ती विजेची गिटार. नुसती छेडली तर डबीत कोंडलेल्या डासाइतका आवाज. तिला अॅम्प्लिफायर लागतो.

दवाखान्यातल्या चौघींनी मिळून बँड काढलाय. गाणारी एरवी लोकांचं रक्त काढते. ड्रम बडवणारी रुग्णवाहिका चालवते, म्हणून तिचा वेग कमी होत नाही. चौथीच्या हातात जाड तारांचं काहीतरी असतं, ते वाजलं की माझ्या कपाटातल्या बरण्या हलतात. अठ्ठावीस फेब्रुवारीला दवाखान्याच्या सभागृहात यांचा कार्यक्रम आहे, आणि सुनेचा दुकानातून आणलेला अॅम्प्लिफायर गेल्या आठवड्यात धूर सोडून गेला. दुरुस्तीवाल्याने झाकणही उघडलं नाही. म्हणाला, टाकून द्या. सून तोंड पाडून म्हणाली, "आई, पूर्वी व्हॉल्वचे असायचे, काचेच्या पेटत्या नळ्यांचे. त्यांचा आवाज काय भरीव! पण आता कोण बनवतंय."

मी भाजी निवडत होते. तोंडातून निघून गेलं, "मी बनवते."

"तुम्ही?"

"अकरा वर्षं रेडिओ बनवलेत. तुझ्या गिटारला काय सोन्याचा व्हॉल्व लागतो?"

नवराबायको दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी उठून ड्रम वाजवायला बसले. मला फार बरं वाटलं. मग सामानाची यादी सांगायला बसले आणि निम्म्यात थांबले. वन्सं, मी रेडिओ कधी बनवलाच नाही. मी अर्धा रेडिओ बनवला. अकरा वर्षं, रोज चाळीस अर्धे रेडिओ.

वीज आत आली की तिला वळण लावायचं, ते माझं काम. ट्रान्सफॉर्मर, पहिला व्हॉल्व, मोठे कंडेन्सर आणि सगळ्या व्हॉल्वांना पेटवणाऱ्या पिळाच्या तारा. तेवढं झालं की चासी टेबलावरून तुमच्याकडे ढकलायची. (सुनेला विचारावं लागलं नाही असा एकही दिवस जात नाही. "चासी म्हणजे?" "सगळं ज्याच्या पोटात बसतं तो पत्र्याचा डबा.") तिथून पुढे तुमचं. माझ्या बाजूने रेडिओ तापायचा, तुमच्या बाजूने बोलायचा.

तेव्हा तुमची बाजू लिहून पाठवा. व्हॉल्वच्या कुठल्या पायाला कुठली तार, एवढंच. कागदावरचे नकाशे मला वाचता येत नाहीत, त्यात नुसत्या रेघा असतात, हात नसतात.

मागचं मागे. भिंग घेऊन फिरणारा आपला तपासनीस मेला, कारखान्याच्या जागेवर आता गाड्या धुतात, तुमचा भाऊही जाऊन आठ वर्षं झाली. रागवायला माणूसच उरलं नाही.

सोबत कार्ड घातलंय, त्यावर माझा पत्ता लिहिलाय. पत्ता नव्हता म्हणून सांगू नका.

तुमच्या भावाची बायको

१९ जानेवारी

वन्सं,

तेरा दिवस झाले. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून 'नाही' सांगतो, माझे जिने वाचतात.

माझी अर्धी बाजू तयार आहे. जुन्या सामानाच्या दुकानात गेले होते. गल्ल्यावरचा म्हणाला, "आजी, रिमोट बिघडला का?" मी म्हटलं, व्हॉल्व दाखव. त्याने एक काढला. मी तो उजेडात धरला, नखाने टिचकी मारली, कानाशी नेला, परत ठेवला. म्हटलं, हा आतून सैल आहे, दुसरा. तिसऱ्या व्हॉल्वला त्याने मला बसायला स्टूल दिलं. पाचव्याला चहा सांगितला.

हात थरथरतो हो माझा. चमचा धरला की वरण अंगावर. पण डाख द्यायचं आयर्न हातात आलं आणि कथील वितळल्याचा वास सुटला की थांबतो. डॉक्टरला सांगितलं तर म्हणतो, असं होत नाही. म्हटलं, ये बघायला.

सुनेला पहिल्याच दिवशी शिकवलं, वीज चालू असताना एकच हात आत घालायचा, डावा पाठीला बांधल्यासारखा मागे. आणि बटण बंद केलं म्हणून हुरळायचं नाही, कंडेन्सरात वीज दबा धरून बसलेली असते. आधी ती काढून टाकायची, मग बोट. ती डावा हात मागे घेऊन उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. म्हणाली, "आई, तुम्हाला एवढं येतं आणि मला इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"तू कधी विचारलंस? तू विचारतेस मीठ किती घालू."

आता पेटीचं ऐका. तुमचा भाचा शिंपी आहे हे तुमच्या कानावर असेलच. खाली दुकान, वर आम्ही. जुना पलंग मोडून त्याच्या फळ्यांची पेटी करायचं ठरलं आणि हे काम आपण करणार म्हणून हा हटून बसला. पेटी छान केली, खोटं कशाला बोलू. मग पुढच्या फळीत स्पीकरसाठी गोल कापायचा होता. दहा इंचाचा स्पीकर. याने कापडी टेप लावली, दहा इंच मोजले, वर चहूबाजूंनी अर्धा इंच शिलाईला धरला आणि कापला गोल. मी स्पीकर बसवायला गेले तर तो आरपार पलीकडे. खाली उशी होती म्हणून वाचला.

"अरे, भोकाला शिलाई लागते का?"

"तीस वर्षांची सवय आहे, आई. कमी कापलं की गिऱ्हाईक खातं."

"लाकूड आत दुमडून टीप मारणार होतास?"

सून जी हसायला लागली ती भिंत धरून खालीच बसली. मग तोही हसला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूची फळी कापली, ती नऊ इंच. मी शेजारी उभी राहून कापून घेतली. बाकी त्याने वरून काळं रेक्झिन असं चढवलंय, कोपरे असे मोडलेत, की हात फिरवत राहावंसं वाटतं. त्याला सांगितलं नाही. डोक्यात जाईल.

तुम्ही उत्तर देत नाही, तर तुमची बाजू मी आठवून करते. अकरा वर्षं समोर बसले होते तुमच्या. तुम्ही चासी उभी धरायच्या, तिची पाठ माझ्याकडे, खरं आहे. पण आपल्या टेबलावर तो तिरका आरसा होता ना टांगलेला, भिंगवाल्याला खुर्चीत बसून बावीस जणींचे हात दिसावेत म्हणून? त्या आरशात तुमचे हात मला रोज दिसायचे. डोळे मिटले की अजून दिसतात. तुमचं तोंड आठवत नाही एवढे हात आठवतात.

आणि तो कच्चा डाख, ज्यावरून आपलं बिनसलं. परत आलेल्या रेडिओत सामाईक पट्टीवर निघाला होता. तिथे दोघींच्याही तारा यायच्या. भिंगवाल्याला भिंगातून दिसलं नाही कोणाचा ते, तर मला कुठून दिसणार? एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

तुमच्या भावाची बायको

२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्हाला हवं होतं ते झालं. वाजत नाही.

काल संध्याकाळी सगळं जोडून झालं. तुमचा भाचा दुकान लवकर बंद करून वर आला, चौथीसुद्धा आली, बरण्यावाली. मी बटण दाबलं. व्हॉल्व पेटले, तिन्ही, एकेक करून, अशी तांबूस ऊब आली खोलीत, की मीच माझ्यावर खूष. सुनेने गिटार गळ्यात घातली, आवाजाची चकती सावकाश फिरवली आणि तारांवर हात मारला.

काही नाही.

पुन्हा मारला. चकती शेवटपर्यंत नेली. आम्ही पाच मिनिटं त्या पेटीकडे तोंड करून बसलो होतो, पाहुण्याने बोलावं म्हणून बसतात तसे. मग बरण्यावाली म्हणाली, "दिसायला फार सुंदर आहे पण." तिला मी चहा दिला नाही.

एक सांगते, कारण तुमच्याशिवाय हे कोणाला कळणार नाही. जोडताना सून नकाशा घेऊन शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आई, व्हॉल्वच्या बुडाच्या खाचेपासून पाय मोजायचे, पण कुठल्या बाजूने? या चित्रात वरून काढलंय की खालून, ते लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "तुझा कागद कारखान्यात होता का? मी होते." तिने नकाशा घडी घालून ठेवला. आज सकाळी कामावर जाताना म्हणाली, "जाऊ दे ना आई, मी कोणाकडून तरी दोन दिवसांना मागून आणीन." सुनेने फटकन बोलावं, वन्सं. मग बरं वाटतं. ही गोड बोलते आणि मला दिवसभर जेवण जात नाही.

मी खोटं बोलले नव्हते त्या दिवशी. हे तुमच्या लक्षात असू द्या. भिंगवाल्याने विचारलं, "कोणाचा डाख?" तुम्ही म्हणालात, "माझा नाही." मी काहीच म्हणाले नाही. काहीच न म्हणणं म्हणजे खोटं नव्हे. तुम्ही उलट बोललात म्हणून त्याने तुम्हाला खोकी भरायला पाठवलं. तुम्हीही गप्प बसला असतात तर दोघी वाचलो असतो.

आता गप्प बसायची चांगली सवय लागलीय तुम्हाला.

सव्वीस दिवस राहिलेत. कागदाचा चिटोरा चालेल.

तुमच्या भावाची बायको

११ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. जिने उतरून गेले आणायला.

एवढ्या मोठ्या कार्डावर एक गोल, गोलाला एक खाच, घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा एक बाण आणि खाली सहा शब्द. "तू आरशात बघायचीस. मी उलट बसायचे." कशी आहेस नाही, काही नाही. बाकी कार्ड कोरं. पोस्टाचे पैसे फुकट घालवलेत.

मी तिथेच शेवटच्या पायरीवर बसले. अकरा वर्षं, वन्सं! अकरा वर्षं मी तुमचे हात आरशात पाहिले आणि तेच पाठ केले. तुम्ही खाचेपासून उजवीकडे मोजायच्या, मला दिसायचं डावीकडे. म्हणजे तुमची प्रत्येक तार मी भलत्याच पायाला नेऊन बांधली होती. आणि चूक कळायला काही वावच नव्हता, कारण दिवे तर लागले. का लागले? तुमच्या व्हॉल्वांवर माझ्या फक्त दोन तारा, दोन नंबरच्या पायावर आणि सातच्या. आठ पायांत दोन आणि सात. इकडून मोजा, तिकडून मोजा, दोनच्या जागी सात येतो आणि सातच्या जागी दोन. माझं काही बिघडतच नाही. माझं नेहमी असंच होत आलंय.

सून कामावरून आल्यावर तिला कार्ड दाखवलं. म्हटलं, "तू विचारलं होतंस ते बरोबर होतं." तिने कार्ड वाचलं, मला म्हणाली, "आई, पुन्हा म्हणा ना." म्हटलं, एकदाच म्हणते मी, ऐकू आलं नसेल तर कान तपासून घे.

दोन दिवसांत सगळे डाख सोडवले, सगळे पुन्हा दिले. या खेपेला नकाशा तिने वाचला, आयर्न मी धरलं. ती म्हणायची "तीन," मी तीनवर. "आई, पाच." पाचवर. एकदा तिने धरलं आयर्न, मी सांगितलं. बोट भाजून घेतलं आणि मला दाखवायला आली, बक्षीस मिळाल्यासारखी.

आणि काल सकाळी साडेदहाला, रविवार नसून सगळी घरात, मी बटण दाबलं. व्हॉल्व पेटले. सुनेने नुसतं तारांवर बोट टेकवलं, वाजवलंही नव्हतं अजून, आणि पेटीतून *टुप्* असा आवाज आला. तेवढ्यानेच माझा भाचा तुमचा, म्हणजे तुमचा भाचा माझा मुलगा, काय लिहितेय मी, तो उडाला. मग तिने वाजवलं. वन्सं, कसं सांगू? मोठा आवाज नव्हे. जाड. सायीसारखा. खोलीत आवाज येत नव्हता, आवाजात खोली होती. ती एक तार छेडायची आणि ती तार आपली आपण गात राहायची, दमल्याशिवाय थांबायची नाही. खालून दुकानातलं गिऱ्हाईक एका बाहीचा कोट घालून वर आलं, म्हणालं, काय चाललंय? आणि बसलं. तुमचा भाचा पेटीच्या चारही बाजूंनी फिरत, आपल्याच टिपांना कान लावून ऐकत होता. मी काय केलं ते लिहीत नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखतात, जास्त वेळ करता येत नाही.

माझ्या बाजूने तापतो, तुमच्या बाजूने बोलतो. तसंच आहे अजून.

आता लिहिते. तुम्ही मागितलं नाही, कार्डावर त्याचं नावही काढलं नाहीत, म्हणूनच लिहिते. मागितलं असतं तर वाद घातला असता.

तो डाख माझा होता.

मला तेव्हाच माहीत होतं, नंतर नाही कळलं. त्या दिवशी तुम्ही भिंगवाल्याच्या चालण्याची नक्कल केली होतीत आणि मला हसू आवरत नव्हतं. हात हलला, डाख नीट वितळायच्या आत मी आयर्न उचललं. दिसला मला, मळकट, दाणेदार. म्हटलं, पुढच्या चासीला नीट करू. पुढच्या चासीला नीट केला, पण तो गेला तो गेलाच. आणि गप्प का बसले, तर लाइनवर मुख्य नेमायची होती. दोन महिन्यांनी मला नेमलं. हे तुमच्या भावालाही कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं त्याची बहीणच भांडखोर.

तुम्ही मला त्या कारखान्यात लावलं होतंत. आयर्न कसं धरायचं ते तुम्ही शिकवलंत.

बस. माफी वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत, शुद्धलेखन अवघड आहे.

तुमच्या भावाची बायको

१९ फेब्रुवारी

वन्सं,

दुसरं कार्ड मिळालं. या खेपेला जरा जास्त शब्द खर्च केलेत. "कागदावर कोणीही लिहितं. तेव्हा वीस जणी बघत होत्या."

बरं.

म्हणजे पत्र पुरत नाही, सभा भरवू? बाकीच्या वीस जणी कुठून आणू? चौदा तर वर गेल्या. त्यांच्यासाठी थांबायचं असेल तर मलाही जावं लागेल, सुनेचा कार्यक्रम आटोपून जाते.

तुमचा स्वभाव बदलला नाही. शिजत आलेल्या भांड्याखालचा जाळ काढून घ्यायचा आणि मग विचारायचं, कच्चं का राहिलं. तुमचा भाऊ गेला तेव्हाही तुम्ही आलात, दारात उभ्या राहिलात, घरातल्या मांजराशीसुद्धा बोललात, माझ्याशी सोडून. मी म्हटलं होतं, बसा. तुम्ही मांजराला म्हणालात, निघते हं.

चार दिवस मी घरात आदळआपट करतेय. सुनेने विचारलं, काय झालं? सगळं सांगितलं तिला. अगदी मुख्य नेमणुकीपर्यंत. ती जरा वेळ गिटारच्या खुंट्या पिळत बसली. मग म्हणाली, "आत्याबाईंचं बरोबर आहे."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"आई, अॅम्प्लिफायर तुमच्या बाजूने नुसता तापतो."

फटकन बोलली एकदाची. त्या दिवशी मला जेवण गेलं.

मी

१ मार्च

वन्सं,

काल झाला कार्यक्रम. सावकाश सांगते, पाणी पिऊन बसा.

बावीस जणींतल्या आठ उरल्यात. दोन आपण. राहिलेल्या सहांतल्या लांबोडीने बाकीच्या पाच जणींना फोन केले. ती अजून तेवढीच लांब आहे, फक्त वरून वाकलीय. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की मी आणि वन्संनी मिळून व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर केलाय, बघायला या. सहाच्या सहा आल्या. एक चाकाच्या आधाराने, एक नातजावयाच्या. कुजबुज आठवते? कानात कुजबुजून अख्खी लाइन भांडत ठेवायची ती? तिला आता कानात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. म्हणाली, "मला त्या पेटीपाशी बसवा." दोन्ही पंजे पेटीवर टेकवून बसली आणि गाणं सुरू झाल्यावर तिच्या तोंडावर जे काही आलं ते बघून रक्तवाली गाण्याचे शब्द विसरली.

सून वाजवत होती तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही, व्हॉल्वांकडे पाहत होते. तिने जोर केला की तुमचा मोठा व्हॉल्व जरासा निळा चमकायचा. डॉक्टर लोक पाय आपटत होते. एकाने तर स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून नाच केला. तुमचा भाचा भेटेल त्याला सांगत होता, पेटी मी शिवली. शिवली!

संपलं. टाळ्या झाल्या. सून वाकून माझ्या कानात म्हणाली, "आई, माइक चालू आहे."

मी म्हटलं, कशाला, सहाच तर आहेत, पुढेच बसल्यात. तरी घेतला. हात थरथरत होता, आयर्न नव्हतं ना हातात. म्हटलं, "या यंत्राची आवाजाची बाजू माझ्या नणंदेची आहे, तिच्यावाचून हे मुकं होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी परत आलेल्या रेडिओत जो कच्चा डाख निघाला, तो माझा होता. तिला माझ्यामुळे खोकी भरावी लागली. मला मुख्य व्हायचं होतं म्हणून मी बोलले नाही." आणि माइक खाली ठेवला.

तीनशे माणसांना काही म्हणजे काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या डॉक्टरांनी उभं राहून वाजवल्या.

मी खाली उतरले. सहा जणी माझ्याकडे बघत होत्या. लांबोडी म्हणाली, "बये, हे सांगायला माइक लागतो? आम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिचा डाख थेंबासारखा गोल यायचा. तुझा शेंगदाण्यासारखा. टेबलावरच्या कोणालाही कळला असता."

"मग बोलला का नाहीत?"

एक पिशवीत चष्मा शोधायला लागली, तो तिच्या नाकावर होता. शेवटी चाकवाली म्हणाली, "आम्हाला काय, नोकरी नको होती?"

तेवढ्यात कुजबुज ओरडली, "काय झालं? काय म्हणाली ती?" लांबोडीने तिच्या कानाशी तोंड नेऊन सभागृहभर ओरडून सांगितलं, "डाख हिचा होता म्हणे!" कुजबुज म्हणाली, "हात्तिच्या! ते मीच तर सगळ्यांना सांगितलं होतं!" त्यावर आम्ही सातही जणी अशा हसत सुटलो, की नातजावयाला वाटलं कोणाला तरी काही झालं, तो धावत पाणी घेऊन आला. दवाखानाच होता, म्हणा.

तर वन्सं, तुमचा हिशेब चुकला. एकटी मी नव्हते. वीस जणी बघत होत्या ना? बघत होत्या आणि तुमच्या भावाच्या बायकोसारख्याच गप्प बसल्या होत्या. तुम्हाला एकीवर रागवायचं कारण होतं, आता सातजणींवर आहे. पत्राने भागणार नाही, हे तुमचंच म्हणणं. आम्हा सगळ्यांना ते पटलंय.

येत्या रविवारी, आठ तारखेला, अकराच्या सुमाराला आम्ही तुमच्याकडे येतोय. सातजणी, सून, तुमचा भाचा, गिटार आणि अॅम्प्लिफायर. रुग्णवाहिकावाली तिच्या भावाची मोठी गाडी घेऊन येणार आहे, तेव्हा अकराऐवजी दहालाच पोचू. दार उघडलंत तर आत वाजवू. नाही उघडलंत तर रस्त्यात वाजवू, आणि शेजारीपाजारी बाहेर येऊन विचारायला लागले तर त्यांनाही सांगेन कोणाचा डाख होता. तीनशेजणांना सांगून झालंय, तुमची गल्ली केवढीशी.

तुमच्या दारापाशी विजेचं बटण कुठे आहे ते कार्डावर कळवा. नाही कळवलंत तरी चालेल. लांब वायर घेतलीय.

मी